गुणधर्म नेमका कोणत्या फंक्शनांना लागू करावा?

सॉफ्टवेअरच्या पडताळणीविषयी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांना या अंकात उत्तरे दिली आहेत. तिन्ही पत्रे विदर्भातील लहान गावांतून आलेली आहेत. एखादी अट सिद्ध करताना ती कोणत्या फंक्शनांपुरती, म्हणजे प्रोग्राममधील ठरावीक काम करणाऱ्या कोणत्या तुकड्यांपुरती, मानायची, हाच प्रश्न तिन्हींत वेगवेगळ्या रूपाने विचारला गेला आहे.

प्रश्न : जिनिंगच्या आवारातील धर्मकाट्यांवर बसणाऱ्या डिजिटल इंडिकेटरचे सी भाषेतील सॉफ्टवेअर आम्ही लिहितो. लोडसेलकडून, म्हणजे वजन टिपणाऱ्या संवेदकाकडून, आलेल्या आकड्याला ज्या गुणकाने गुणून किलोग्रॅम मिळतात, तो अंशांकन (कॅलिब्रेशन) गुणक अधिकृत अंशांकनाखेरीज कशानेही बदलू नये, ही आमची मुख्य अट आहे. ती सिद्ध करण्यासाठी आम्ही सी भाषेतील प्रोग्राम तपासणारे फ्रामा-सी हे साधन आणि त्याचे मेटअ‍ॅक्सल हे जोडसाधन वापरतो. ज्या फंक्शनांत या गुणकाचे नाव येते ती सर्व शोधून आम्ही त्यांची यादी गुणधर्मात, म्हणजे साधनाला लिहून दिलेल्या या अटीत, दिली आणि सगळे ठिपके हिरवे झाले, म्हणजे सर्व सिद्ध झाले. आता एका सहकाऱ्याचे म्हणणे आहे की यादी न देता ‘सर्व फंक्शने’ असे लिहून अपवाद सांगावेत. दोन्हींत खरोखर काही फरक आहे काय? (एक वाचक, तालुका हिंगणघाट, जिल्हा वर्धा)

उत्तर : आपल्या सहकाऱ्याचे म्हणणे बरोबर आहे आणि फरक मोठा आहे. आपण दिलेली यादी ज्या फंक्शनांना गुणकाची माहिती आहे त्यांची आहे. धोका मात्र ज्या फंक्शनांना ती नाही त्यांच्याकडून अधिक असतो.

टोनी होअर यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या पद्धतीत प्रोग्रामच्या प्रत्येक तुकड्याला एक पूर्वअट आणि एक उत्तरअट असते, आणि फ्रामा-सीमधील करारनामे, म्हणजे फंक्शनाने काय पाळायचे हे सांगणारी कलमे, याच धाटणीने फंक्शनागणिक लिहिले जातात. ‘दिलेल्या संख्या चढत्या क्रमाने लावल्या जातील’ यासारखी अट एका फंक्शनाची असते, त्यामुळे ती तेथे नीट बसते. आपली अट तशी नाही. गुणक कोणी बदलू नये हे कोणत्याही एका फंक्शनाचे कर्तव्य नसून संपूर्ण प्रोग्रामाची मर्यादा आहे, आणि ती प्रत्येक करारनाम्यात हाताने उतरवू म्हटले तर शंभर ठिकाणी तेच वाक्य लिहावे लागेल व कोठे तरी ते राहून जाईल. हीच अडचण दूर करण्यासाठी फ्रान्समधील संशोधकांनी २०१९ मध्ये मेटअ‍ॅक्सल मांडले. त्यात गुणधर्म एकदाच लिहायचा असतो आणि त्याचे तीन भाग असतात : तो कोणत्या फंक्शनांना लागू आहे, त्या फंक्शनांत कोणत्या प्रसंगी तपासायचा आहे, आणि त्या प्रसंगी काय खरे असले पाहिजे. लेखनाचा प्रसंग निवडला की साधन त्या फंक्शनांत जेथे जेथे मेमरीत काही लिहिले जाते तेथे तेथे एक विधान घालते, आणि नंतर ती विधाने एकेक करून सिद्ध करायची असतात.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. एखादे फंक्शन यादीत असेल तर त्याच्या स्वतःच्या मजकुरातील लेखनांवर विधाने पडतात; त्याने बोलावलेले दुसरे फंक्शन यादीत नसेल तर त्या दुसऱ्याच्या मजकुराला हा गुणधर्म शिवतही नाही. समजा, आपल्या नोंदीच्या स्ट्रक्चरमध्ये गाडीचा क्रमांक ठेवण्यासाठी १० अक्षरांची जागा आहे आणि तिला लागूनच दोन बाइटांचा गुणक आहे. गुणक हजारपटीने, पूर्णांकात ठेवलेला आहे, म्हणजे १.००० साठी १०००. मालिकेचे एकच अक्षर असलेला वर्ध्याचा ‘एमएच ३२’चा क्रमांक मोकळ्या जागा सोडून ९ अक्षरांचा होतो आणि शेवटच्या शून्य बाइटासह त्या जागेत नेमका मावतो. मालिकेची दोन अक्षरे असलेला क्रमांक मात्र १० अक्षरांचा असतो, आणि त्याचा शेवटचा शून्य बाइट अकराव्या घरात, म्हणजे गुणकाच्या पहिल्या बाइटावर जाऊन पडतो. खालचा बाइट आधी ठेवणाऱ्या प्रोसेसरात १००० या संख्येचा पहिला बाइट २३२ आणि दुसरा ३ असतो, कारण ३ गुणिले २५६ अधिक २३२ म्हणजे १०००. तो २३२ पुसला गेला की उरतात ७६८. त्यानंतर २० क्विंटल कापूस काट्यावर १५.३६ क्विंटल दिसेल. बंडीतून आलेल्या कापसाला गाडीचा क्रमांकच नसल्यामुळे दिवसभर बंड्या मोजल्या तरी काही होणार नाही. जुन्या ट्रॅक्टरांनीही काही होणार नाही. नवा ट्रॅक्टर आला की त्याच्यापासून पुढच्या प्रत्येक शेतकऱ्याचे वजन कमी भरेल.

हे लेखन ज्या फंक्शनाने केले त्याचे काम केवळ एका जागेवरची अक्षरे दुसऱ्या जागी उतरवण्याचे आहे. त्याच्या मजकुरात गुणकाचे नाव कोठेच नाही, आणि म्हणून नाव शोधून केलेल्या यादीत ते कधीच येणार नाही. आपले हिरवे ठिपके खोटे नाहीत. यादीतील फंक्शने गुणक बिघडवत नाहीत, एवढेच ते सांगतात. वाचणारा मात्र त्यांचा अर्थ ‘गुणक सुरक्षित आहे’ असा घेतो, आणि ते कोणीही सिद्ध केलेले नाही. (अशा उदाहरणात ॲरेची (अक्षरांसाठी सलग राखलेल्या जागेची) हद्द ओलांडली जाते की नाही, याची फ्रामा-सीमधील तपासणीही जोडीला चालू ठेवावी, कारण सी भाषेच्या नियमांनुसार हद्दीबाहेरच्या लेखनानंतर कशाचीच हमी उरत नाही.)

बोलावलेल्या फंक्शनांचा प्रश्न सोडवण्यासाठी, अमुक फंक्शन व ते ज्यांना बोलावते ती सर्व, असा संच सांगण्याची सोय मेटअ‍ॅक्सलमध्ये आहे. संचांची बेरीज, वजाबाकी आणि छेदही लिहिता येतात. एखादा गुणधर्म खरोखरच एका उपकार्यापुरता असेल, उदाहरणार्थ पावती छापत असताना वजनाच्या नोंदी बदलू नयेत, तर ही सोय फार उपयोगी पडते. परंतु फंक्शन पॉइंटरमधून, म्हणजे फंक्शनाचा मेमरीतील पत्ता ठेवलेल्या व्हेरिएबलातून, होणाऱ्या बोलावण्या मजकुरावरून सहज कळत नाहीत, आणि इंटरप्ट (चालू काम मध्येच थांबवणारा हार्डवेअरचा इशारा) हाताळणाऱ्या फंक्शनांना तर प्रोग्रामातले कोणीच बोलावत नाही. त्यांना हार्डवेअर बोलावते. त्यामुळे ‘मुख्य फंक्शनापासून पोहोचता येणारी सर्व’ असा संच लिहिला तर लोडसेलचे आकडे घेणारे इंटरप्टचे फंक्शन नकळत बाहेर राहू शकते. आपल्या अटीसाठी म्हणूनच ‘सर्व’ हाच आरंभ योग्य आहे.

यादीच्या विरुद्ध दुसरे कारण असे की प्रोग्राम वाढत असतो आणि यादी वाढत नाही. इंटरनेटवरील संवाद सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअर-ग्रंथालयाच्या २०१२ मधील १.०.१ या आवृत्तीत ‘हार्टबीट’ संदेश हाताळणारा नवा भाग आला. समोरच्याने संदेशाची जी लांबी सांगितली ती प्रत्यक्ष आलेल्या संदेशाशी ताडून न पाहताच तेवढी मेमरी त्याला परत पाठवली जात असे. एप्रिल २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ या नावाने तो दोष उघड होईपर्यंत असंख्य सर्व्हर उघडे होते. आलेल्या लांबीवर विश्वास ठेवू नये हे त्या ग्रंथालयाच्या लेखकांना माहीत नव्हते असे म्हणता येणार नाही. तो नियम नव्याने आलेल्या फंक्शनाला आपोआप लागू होईल अशी व्यवस्था मात्र नव्हती. ‘सर्व’ असे लिहिले असता पुढच्या हंगामाआधी कोणी सहकारी मोबाइलवर संदेश पाठवणारे नवे फंक्शन लिहील तेव्हा ते आपोआप गुणधर्माच्या कक्षेत येते आणि ज्याला सूट हवी त्याला ती मागावी लागते.

आता अपवादांविषयी. ज्या फंक्शनाला आपण वगळतो त्याच्या मजकुरावर या गुणधर्माचे एकही विधान पडत नाही, म्हणून अपवाद शक्य तितका लहान असावा. अंशांकनाचा पडदा दाखवणारे, कळा वाचणारे, आकडे छापणारे आणि शेवटी गुणक लिहिणारे असे एकच लांबलचक फंक्शन असेल, तर ते सबंध वगळू नये. त्यातून गुणक लिहिण्यापुरते चार-पाच ओळींचे फंक्शन वेगळे काढावे, केवळ तेच वगळावे, आणि त्याला स्वतःचा काटेकोर करारनामा द्यावा. मग त्या लहान फंक्शनाला कोण बोलावू शकतो, हा दुसरा गुणधर्म लिहावा. मेटअ‍ॅक्सलमध्ये लेखनाप्रमाणे बोलावण्याचाही प्रसंग निवडता येतो. हाच दुसरा गुणधर्म ईईप्रॉमसाठीही (वीज गेल्यावरही माहिती टिकवणाऱ्या मेमरीसाठीही) आवश्यक आहे, कारण गुणक तेथे साठवला जातो तेव्हा व्हेरिएबलमध्ये लेखन होत नाही, साठवण करणाऱ्या फंक्शनाला बोलावले जाते, आणि लेखनाच्या प्रसंगावर नजर ठेवणाऱ्या गुणधर्माला ते दिसणार नाही.

याहूनही चांगला एक मार्ग आहे. वैधमापन शास्त्र विभागाची मोहर काट्यावर असते आणि अंशांकनाचा स्विच त्या मोहरेखाली असतो. तेव्हा ‘अमुक फंक्शनाखेरीज कोणी लिहू नये’ असे न म्हणता, ‘स्विच बंद स्थितीत असेल तर कोणीही लिहू नये’ असे विधान करावे. असे केले की वगळण्याचे फंक्शन जवळपास उरतच नाही; अंशांकनाचे फंक्शनही गुणधर्माच्या आत येते आणि स्विच तपासल्याशिवाय ते लिहीत नाही, हेही त्याच गुणधर्माने सिद्ध करावे लागते. वीज आल्यावर ईईप्रॉममधून गुणक पहिल्यांदा वाचून घेणारे आरंभाचे फंक्शन तेवढे वगळावे लागेल, आणि ते वगळण्याचे कारण गुणधर्माशेजारीच लिहून ठेवावे.

शेवटी, लिहिलेला गुणधर्म प्रत्यक्ष कोठे लागू झाला ते पाहिल्याशिवाय थांबू नये. संचांची वजाबाकी उलटी लिहिली गेली आणि संच रिकामा झाला, तर गुणधर्म एकाही ठिकाणी तपासला जात नाही आणि म्हणून एकाही ठिकाणी मोडत नाही. साधनाने घातलेली विधाने उघडून वाचावीत. अक्षरे उतरवणाऱ्या फंक्शनात मुद्दाम एक ओळ घालून गुणक बदलावा आणि सिद्धता अडते की नाही हे पाहावे. ती अडली नाही, तर ते फंक्शन अजून कक्षेबाहेर आहे.

प्रश्न : शेतातील मोटारपंपासाठी स्टार-डेल्टा पद्धतीचे, म्हणजे मोटार आधी स्टार आणि मग डेल्टा जोडणीत चालवणारे, स्वयंचलित पॅनेल मी तयार करतो. स्टार आणि डेल्टा हे दोन्ही कॉन्टॅक्टर (विजेने ओढले जाणारे स्विच) एकाच वेळी ओढले जाऊ नयेत, ही अट मी सर्व फंक्शनांना लागू केली आणि ती सिद्ध झाली. दुसरी अट अशी होती की मोटार एकूण किती मिनिटे चालली तो आकडा दिवसाच्या व रात्रीच्या मिनिटांच्या बेरजेइतकाच असावा. हीसुद्धा सर्व फंक्शनांना लागू केली, पण ती काही केल्या सिद्ध होत नाही. प्रोग्राम तर बरोबर चालतो. दोष कोठे असावा? (एक वाचक, तालुका पुसद, जिल्हा यवतमाळ)

उत्तर : ‘कोणती फंक्शने’ या प्रश्नाला चिकटून ‘फंक्शनातील कोणता क्षण’ हा प्रश्न येतो, आणि आपल्या दोन अटींची उत्तरे त्याबाबतीत वेगळी आहेत. आपल्या पत्रावरून असे दिसते की आपण दोन्हींसाठी एकच प्रसंग निवडला आहे.

मिनिटांच्या अटीत तीन आकडे आहेत आणि ते एकामागून एक बदलतात. रात्रीच्या मिनिटांत एकाची भर पडली आणि एकूण मिनिटांत अजून पडायची आहे, त्या मधल्या क्षणी बेरीज जुळत नाही, आणि जुळावी अशी अपेक्षाही नाही. इन्व्हेरिअंट म्हणजे सतत खरी राहावी अशी अट. येथे सौम्य इन्व्हेरिअंट वापरावा, जो फंक्शनाच्या आरंभी आणि शेवटी खरा असावा लागतो, मध्ये नव्हे. तरीही भर घालण्याचे काम दोन लहान सहायक फंक्शनांत वाटलेले असेल, तर पहिल्या सहायकाच्या शेवटी अट मोडलेलीच असेल; म्हणून त्या सहायकांना वगळावे आणि त्यांना बोलावणाऱ्या बाहेरच्या फंक्शनाला कक्षेत ठेवावे. ही कल्पना जुनी व प्रतिष्ठित आहे. बर्ट्रांड मेयर यांच्या आयफेल भाषेत वर्गाचा इन्व्हेरिअंट बाहेरून बोलावता येणाऱ्या फंक्शनांच्या दोन्ही टोकांना खरा असावा लागतो, आणि आतल्या फंक्शनांना ती सक्ती नसते. जावासाठी असलेल्या जेएमएल या विनिर्देश-भाषेत तर अशा आतल्या फंक्शनावर ‘सहायक’ अशी खूणच करता येते. एक मात्र पाहावे : मिनिटांचा आकडा एखादा इंटरप्ट वाचत असेल तर तो नेमका मधल्या क्षणी येऊ शकतो, आणि सौम्य इन्व्हेरिअंट त्याविषयी काहीच सांगत नाही.

कॉन्टॅक्टरांची अट याच्या अगदी उलट आहे, आणि मला तिचीच काळजी अधिक वाटते. समजा, एखाद्याने आधी डेल्टा ओढला आणि पुढच्या ओळीत स्टार सोडला. फंक्शनाच्या आरंभी एकटा स्टार होता, शेवटी एकटा डेल्टा आहे. सौम्य इन्व्हेरिअंट समाधानी होतो. मधल्या एका ओळीपुरते मात्र दोन्ही ओढलेले आहेत, आणि तीन फेजांचा आपसात शॉर्टसर्किट होण्यास तेवढे पुरते. ही अट कडक इन्व्हेरिअंट म्हणून, म्हणजे मजकुरातील प्रत्येक बिंदूवर खरी असावी अशीच लिहिली पाहिजे आणि तिला एकही फंक्शन वगळता कामा नये, सहायकही नाही. आपली सिद्धता सौम्य प्रकाराने झाली असेल तर ती पुन्हा करावी, आणि तोपर्यंत त्या पॅनेलातील दोन कॉन्टॅक्टरांमधले यांत्रिक इंटरलॉक कोणत्याही कारणाने काढू नये. आउटपुट पोर्टवर थेट अनेक ठिकाणांहून लिहीत असल्यास आधी ते बंद करावे. दोन्ही कॉन्टॅक्टरांची स्थिती साध्या व्हेरिएबलांत ठेवावी, पोर्टवर लिहिणारे फंक्शन एकच असावे, आणि गुणधर्म त्या व्हेरिएबलांवर मांडावा. एक फेज गेल्यावर किंवा रात्री अचानक वीज आल्यावर जी फंक्शने चालतात, ती या कक्षेत आहेत याची खात्री आवर्जून करावी, कारण शेतकरी तेव्हा पॅनेलपासून दूर असतो.

प्रश्न : ‘सर्व’ असे लिहिल्यापासून आमच्या लॅपटॉपवर सिद्धता तासन्‌तास चालते आणि मध्येच वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. ज्या फंक्शनांत काही गडबड होणे शक्यच नाही ती वगळून यादी आटोपशीर केली तर चालेल काय? (एक वाचक, तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ)

उत्तर : ‘शक्यच नाही’ हे ज्या आधारावर म्हणता तो आधार कोठे लिहून ठेवला आहे, यावर उत्तर अवलंबून आहे. ४ जून १९९६ रोजी एरियान ५ हे युरोपीय रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेचे सॉफ्टवेअर एरियान ४ वरून घेतलेले होते. चौकशी अहवालानुसार त्यात ७ व्हेरिएबलांच्या रूपांतरात आकडा मर्यादेबाहेर जाण्याचा धोका दिसला होता. त्यांपैकी ४ ठिकाणी संरक्षण घातले गेले आणि प्रोसेसरवरचा भार मर्यादेत राहावा म्हणून उरलेली ३ तशीच सोडली गेली, कारण एरियान ४ च्या उड्डाणमार्गात ती मूल्ये तेवढी मोठी होणे शक्य नव्हते. नव्या रॉकेटचा आडवा वेग जुन्यापेक्षा पुष्कळ जास्त होता, आणि सोडलेल्या तिघांपैकी एकाने उड्डाण संपवले. वगळण्याचा निर्णय जुन्या रॉकेटपुरता समंजस होता. ज्या गृहीतकावर तो उभा होता ते नव्या रॉकेटसाठी पुन्हा तपासले गेले नाही.

म्हणून फंक्शने वगळून वेळ वाचवू नये. वेळ दुसरीकडे वाचतो. जी फंक्शने केवळ स्वतःच्या स्थानिक व्हेरिएबलांत लिहितात त्यांची विधाने बहुधा क्षणात सुटतात, त्यांना वगळून फारसे काही हाती लागत नाही. वेळ खाणारी थोडी फंक्शने पॉइंटरमधून लिहिणारी असतात, आणि वगळू नयेत अशी नेमकी तीच असतात. त्यांच्या करारनाम्यात, दिलेला पॉइंटर संरक्षित व्हेरिएबलापासून अलग आहे, ही पूर्वअट घालावी. सिद्धतेचे ओझे बोलावणाऱ्यांकडे जाते आणि तेथे ते सहसा हलके असते. ज्या ग्रंथालय-फंक्शनांचा मजकूरच आपल्यापाशी नाही, त्यांच्याबाबतीत करारनाम्यावर भरवसा ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. अशी फंक्शने काय बदलू शकतात याचे करारनाम्यातील कलम आपण स्वतः वाचून घ्यावे. फ्रामा-सीच्या, सिद्धता करणाऱ्या डब्ल्यूपी या भागात सिद्धतेचे निकाल साठवून ठेवण्याची सोय आहे. ती चालू केल्यास वीज गेल्यानंतर सुटलेली विधाने पुन्हा सोडवावी लागत नाहीत, आणि रोजच्या कामात बदललेल्या फंक्शनांपुरतीच नवी सिद्धता चालते. एवढे करूनही काही फंक्शने वगळावीच लागली, तर प्रत्येकाच्या नावापुढे कारण आणि त्यामागील गृहीतक लिहावे, आणि पॅनेल किंवा काटा नव्या प्रकारच्या यंत्राला जोडण्यापूर्वी त्या नोंदी एकेक करून पुन्हा वाचाव्यात.